पाचवी दीर्घिका आणि निफाडचा जुना नंबर

शनिवारी सकाळी साडेसहाला पुण्याच्या शिवाजीनगर स्थानकातून नाशिकची एसटी सुटली तेव्हा अर्चना शिंदेच्या मांडीवर तीन वस्तू होत्या: एक सीडी, गुंडाळी केलेलं एक छापील चित्र आणि आईसाठी घेतलेला बाकरवडीचा पुडा. पिशवी तिनं वर फळीवर टाकली होती. चित्र मात्र दोन्ही हातांनी धरलं होतं. त्या चित्रात काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ते महत्त्वाचं होतं.

फेब्रुवारी महिना होता. नवं शतक सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती. अर्चना पुण्यातल्या एका खगोलशास्त्राच्या संस्थेत पीएच.डी. करत होती. गाव निफाड तालुक्यातलं, वडील द्राक्ष बागायतदार. रविवारी अकरा वाजता नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका महाविद्यालयात तिचं व्याख्यान होतं. ती तिथलीच माजी विद्यार्थिनी. आमच्या दैनिकाच्या पुरवणीला तिच्याविषयी मजकूर हवा होता, म्हणून मी सोबत निघालो होतो. शनिवारचा मुक्काम तिच्या घरी, रविवारी व्याख्यान आणि संध्याकाळी परत, असा बेत होता.

राजगुरुनगर येईपर्यंत तिनं विषय सांगून संपवला. काही दीर्घिकांमध्ये (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांमध्ये) नवे तारे भराभर जन्मतात. ते अतिशय तप्त असतात आणि त्यांचा बराचसा प्रकाश अतिनील असतो. पण जिथं तारे जन्मतात तिथं धूळही दाट असते. धूळ तो प्रकाश गिळते, तापते आणि ती ऊब अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकते. ऐंशीच्या दशकात एका अवकाश दुर्बिणीनं अवरक्त किरणांत झगझगणाऱ्या अशा दीर्घिकांची मोठी यादी केली होती. अर्चनाचा प्रश्न सरळ होता. एवढ्या धुळीच्या फटींतून थोडा तरी अतिनील प्रकाश निसटतो का? जमिनीवरून हे पाहता येत नाही, कारण अतिनील प्रकाश आपली हवाच अडवते. म्हणून अवकाशातल्या एका नव्या दुर्बिणीला तिच्या गटानं पाच दीर्घिका पाहायला सांगितल्या होत्या. त्यातल्या चार मंद का होईना, दिसल्या. पाचवीचं चित्र शुक्रवारी संध्याकाळी हाती आलं. चित्राच्या मध्यावर दीर्घिका असायला हवी होती. तिथं अंधार होता.

संस्थेत आनंद झाला होता. पूर्णपणे धुळीनं झाकलेली दीर्घिका असू शकते असं ठरलं, तर अतिदूरच्या दीर्घिकांच्या आजवरच्या मोजणीतून अशा किती सुटल्या असतील, हा मोठा प्रश्न उभा राहणार होता. सोमवारी सकाळी दहाला अर्चनाचे मार्गदर्शक या कामाचा सारांश परदेशातल्या परिषदेकडे पाठवणार होते. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरणही त्यावरच उभं राहणार होतं. मी वहीत मथळा लिहिला: ‘निफाडच्या संशोधिकेला गवसली झाकलेली दीर्घिका’. तिनं तो वाचला.

“गवसली म्हणू नका,” ती म्हणाली. “दिसली नाही, एवढंच नक्की आहे.”

मी तो शब्द खोडला. तिचा चेहरा मात्र आनंदी माणसाचा दिसत नव्हता. कारण विचारलं तेव्हा तिनं सांगितलं की धूळ कितीही दाट असली तरी कुठंतरी फट राहतेच, असं तिला तीन वर्षं वाटत आलं होतं. आता तिचाच अंदाज खोटा पडत होता, आणि सगळे तिचं अभिनंदन करत होते.

नारायणगावला चहा झाला. आळेफाटा मागं पडला. चंदनापुरीचा घाट लागण्याआधी गाडीचं मागचं चाक बसलं. सगळे प्रवासी खाली उतरले. फेब्रुवारीचं ऊन अजून सोसण्यासारखं होतं. रस्त्याच्या कडेला कांद्याची रोपं लावलेले वाफे होते आणि पलीकडं उघडे डोंगर. चालक जॅक लावत होता. कंडक्टरचं लक्ष अर्चनाच्या हातातल्या गुंडाळीकडे गेलं. कॅलेंडर आहे का, असं त्यानं विचारलं. आकाशाचा फोटो आहे म्हटल्यावर त्याला तो पाहायचा होता. तिनं उलगडून दाखवला. काळ्या चौकोनात चार-दोन पांढरे ठिपके होते, बाकी काही नाही.

“मधल्या जागेचं काय झालं?” कंडक्टरनं विचारलं. “फोटोवाला टोपण काढायचं विसरला वाटतं.”

अर्चना हसली. पण चाक बदलून गाडी घाटाला लागेपर्यंत तिनं ते चित्र पुन्हा गुंडाळलं नाही.

नाशिकला सीबीएसवर (शहरातलं मध्यवर्ती बसस्थानक) पोहोचायला एक वाजून गेला. तिथून निफाडची गाडी. द्वारका ओलांडून औरंगाबाद रस्त्याला लागलं की शहर पटकन संपतं. चांदोरीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस आणि द्राक्षबागा. बागा लांबून हिरव्या मांडवासारख्या दिसतात. जवळून पाहिलं की खाली घडांच्या रांगा दिसतात आणि त्या रांगांवर कागद. मी तो प्रकार पहिल्यांदाच पाहत होतो. घडाला ऊन लागून मणी लालसर पडू नयेत म्हणून इथं प्रत्येक घडाला वर्तमानपत्र गुंडाळतात. मैलच्या मैल बातम्या लटकत होत्या.

निफाडला उतरलो तेव्हा द्राक्षं पोहोचवून परत निघालेली एक पिकअप अर्चनाच्या वडिलांनी थांबवून ठेवली होती. त्यांना घरात अण्णा म्हणतात. पासष्टीचे, सडपातळ, डोक्याला टोपी, शर्टाच्या खिशात पेनासारखी एक काळी नळी. मुलीनं वाकून नमस्कार केला. त्यांनी तिची पिशवी घेतली आणि मला पुढं बसायला सांगितलं. मी वर्तमानपत्रातला आहे हे कळल्यावर त्यांनी दैनिकाचं नाव विचारलं.

“तुमचा पेपर चांगला हाय,” ते म्हणाले. “दव पडलं तरी शाई सुटत नाय. घडाला डाग लागत नाय.”

हे कौतुक मी तसंच टिपून घेतलं.

घर बागेला लागूनच होतं. शेजारी पत्र्याची मोठी शेड आणि तिच्यात क्रेटच्या रांगा. सात-आठ बाया कात्रीनं घडातले बारके, फुटके मणी काढत बसल्या होत्या. दुपारचं भारनियमन चालू होतं. सहापर्यंत वीज येणार नव्हती, त्यामुळे सगळं काम शेडच्या तोंडाशी, उजेडात चाललं होतं. जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि ताक होतं. जेवताना अर्चनाची आई तिला पुन्हा पुन्हा बारीक झालीस म्हणत होती. ती दर वेळी ‘नाही गं’ म्हणत होती आणि दर वेळी तिच्या ताटात आणखी चतकोर भाकरी पडत होती.

जेवणानंतर अण्णांनी खिशातली नळी काढली. घडातला एक मणी चिरडून त्याचा थेंब त्यांनी नळीच्या टोकावरच्या काचेवर टाकला आणि नळी डोळ्याला लावून आभाळाकडे धरली. मण्यातली साखर मोजायचं ते यंत्र होतं. मलाही पाहायला दिलं. आत एक पट्टी होती आणि तिच्यावर निळ्या-पांढऱ्या रंगांची सीमा.

“ही आमची दुर्बीण,” अण्णा म्हणाले. “हिच्यात अंधार दिसला तर आम्ही आधी काच पुसतो.”

ते सहज बोलले होते. अर्चनानं चित्र क्रेटवर पसरलं आणि वडिलांना समजावून सांगू लागली. मी ऐकलेलंच पुन्हा ऐकत होतो, पण आता ते निफाडच्या बोलीत होतं आणि जास्त कळत होतं. अण्णांनी मध्येच थांबवलं. दीर्घिका तापलेली आहे, हे यादीत लिहिलेलं आहे ना? आहे. मग ती तिथं आहे. मग या फोटोत का नाही? धुळीनं झाकली म्हणून. पूर्ण? पूर्ण. अण्णांनी मान हलवली. पटल्याची ती खूण नव्हती.

मग अर्चनाला आठवलं की ही पाचवी दीर्घिका निवडली गेली ती याच घरात. आधी ठरलेल्या पाचवीच्या शेजारी एक फार तप्त तारा निघाला होता. त्याच्या प्रखर अतिनील प्रकाशानं दुर्बिणीच्या कॅमेऱ्याला इजा होण्याची भीती होती, म्हणून ती ऐन वेळी वगळावी लागली. अर्चना तेव्हा द्राक्षांच्या हंगामाला घरी आली होती. बदली दीर्घिका तिनं सोबत आणलेल्या त्या जुन्या यादीच्या झेरॉक्सवरून शोधली. घरच्या फोनवरून बाहेरगावी फोन लागत नसे, म्हणून तिचं स्थान निफाडच्या एसटीडी बूथवरून पुण्याला कळवलं. तो कागद इथंच राहिला होता. आईनं तो देवघराशेजारच्या कॅलेंडरमागून काढून दिला.

अण्णांनी चष्मा लावला. एका हातात झेरॉक्स, दुसऱ्या हाताचं बोट चित्राच्या कोपऱ्यात छापलेल्या आकड्यांवर. दोन्हीकडचे आकडे त्यांनी एकेक करून ताडून पाहिले. ते सारखेच होते.

“हा नंबर जुना का नवा?” त्यांनी विचारलं.

अर्चनाला प्रश्न कळला नाही. तिनं म्हटलं की आकाशातल्या जागेचे आकडे आहेत हे, सर्वे नंबर नव्हे. अण्णांनी मग माझ्याकडे वळून सांगायला सुरुवात केली. पूर्वी प्रत्येक शेताला सर्वे नंबर होता. पुढं जमिनींचं एकत्रीकरण झालं आणि त्याच शेतांना नवे गट नंबर मिळाले. जमीन हलली नाही, नंबर बदलला. त्यानंतर त्यांच्या चुलतभावाची विहीर मोजायला मोजणीदार आला. कोणीतरी त्याच्या हातात जुना नंबर दिला होता. त्यानं तो नवा समजून नकाशा लावला आणि दुसऱ्याच्या उसात जाऊन उभा राहिला.

“अर्धा दिवस त्या उसात हिंडला,” अण्णा म्हणाले. “आन वर लिहून गेला, विहीर अस्तित्वात नाय. विहीर इथंच व्हती. आम्ही तिचंच पाणी पीत व्हतो.”

बाया हसल्या. अर्चना हसली नाही. तिनं झेरॉक्स वडिलांच्या हातातून घेतला आणि वरच्या ओळीतले स्तंभांचे मथळे वाचले. मग ती क्रेटवर बसली.

काय झालं ते तिनं मला थोड्या वेळानं सांगितलं. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा फार सावकाश डुलतो. त्यामुळे आकाशावर कल्पिलेली रेषांची जाळी हळूहळू सरकते. तारे जागेवरच राहतात, त्यांचे आकडे बदलतात. म्हणून खगोलशास्त्रज्ञ एखाद्या ठरावीक वर्षाची जाळी धरून चालतात. पूर्वी १९५० सालची वापरत. नंतर २००० सालची आली. ऐंशीच्या दशकातल्या त्या यादीत १९५०चे आकडे होते आणि नव्या दुर्बिणीला २०००चे हवे होते. पहिल्या चार दीर्घिकांचे आकडे संस्थेतल्या संगणकावर बदलून घेतले होते. पाचवीचे तिनं बूथवर उभं राहून, कागदावर दिसले तसे वाचून दाखवले होते. पुण्यात ज्यानं ते उतरवून घेतले त्याला वाटलं, हिनं बदलूनच दिले असतील. तिला वाटलं, तो बदलून घेईल. चार बरोबर निघाल्यावर पाचवीची शंका कोणाला आली नाही.

“म्हणजे दुर्बीण उसात उभी होती,” मी म्हटलं.

“पूर्ण वेळ,” ती म्हणाली.

आता दोनच शक्यता होत्या. खरी जागा कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर गेली असेल, तर पाचवी दीर्घिका कोणी पाहिलीच नव्हती आणि दुर्बिणीचा वेळ पुन्हा मिळण्याची आशा फारशी नव्हती. पण या कॅमेऱ्याचं क्षेत्र रुंद होतं, पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढं. हातातलं चित्र फक्त त्याच्या मधल्या तुकड्याचं होतं. सगळं क्षेत्र सीडीत होतं, आणि सीडी पाहायला संगणक नव्हता. निफाडच्या संगणक वर्गातही सहापर्यंत वीज नव्हती, आणि शनिवारी तो पाचलाच बंद होई.

तिनं आधी अंतर काढायचं ठरवलं. त्याला त्रिकोणमितीची कोष्टकं लागतात. अण्णांच्या कॅल्क्युलेटरवर बेरीज-गुणाकारापलीकडे काही नव्हतं. तिनं आईला बारावीच्या पुस्तकांचं विचारलं. आई आत गेली आणि लोखंडी पेटीतून लॉग टेबलची पिवळी पडलेली पुस्तिका घेऊन आली. दहा वर्षांत तिला कोणी हात लावला नव्हता.

“बाकीची रद्दी घडांना लागली,” आई म्हणाली. “हे म्या नाय दिलं. सगळे आकडेच हायेत, म्हटलं हिला लागंल.”

शेडच्या तोंडाशी बसून अर्चनानं आकडेमोड केली. कागद म्हणून घडांसाठी आणलेल्या एका अंकाचा कोरा समास होता. तो आमच्याच दैनिकाचा होता. एकदा केली, पुन्हा केली. दोन्ही वेळा उत्तर आलं सुमारे पंचवीस कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). चित्राच्या मध्यापासून क्षेत्राच्या कडेपर्यंत साधारण पस्तीस कला होत्या. म्हणजे दीर्घिका क्षेत्राच्या आत होती. डावीकडे, थोडी खाली. आत असली तरी दिसेलच असं नव्हतं. ते सीडीच सांगणार होती.

वीज आली तेव्हा तिनं बूथवर जाऊन मार्गदर्शकांना पुण्याला फोन लावला. ते बाहेर गेले होते, रविवारी दुपारी येणार होते. तिनं निरोप ठेवला नाही. पाहिल्याशिवाय काही बोलायचं नाही, असं म्हणाली.

निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे. रविवारी सकाळी सहाला अंगणात शेकोटी होती आणि बागेवर दव. अण्णांनी दोन खोकी द्राक्षं बांधून दिली. सातच्या गाडीनं आम्ही निघालो आणि साडेआठला नाशिकला होतो. महाविद्यालयाजवळ मिसळ खाल्ली. नाशिकची मिसळ पापड आणि दह्यासह येते. रस्सा वेगळा देतात आणि तो हवा तेवढा पुन्हा वाढतात. अर्चनानं अर्धीच खाल्ली.

महाविद्यालयाला रविवारची सुट्टी होती. सभागृह दहाला उघडणार होतं, संगणक कक्ष मात्र बंद. किल्ली चव्हाण मामांकडे असते, असं पहारेकऱ्यानं सांगितलं. चव्हाण मामा प्रयोगशाळेतले जुने सेवक. अर्चना शिकत असल्यापासून तिथंच. राहायला पंचवटीत. आम्ही रिक्षा केली.

गंगेवर (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) रविवारची गर्दी होती. पूल ओलांडल्यावर रिक्षा पंचवटीच्या गल्ल्यांत शिरली आणि चालेनाशी झाली. एका बाजूला अभिषेकाची विचारणा करणारे गुरुजी, दुसऱ्या बाजूला दुचाक्या आणि मध्ये गाय. आम्ही उतरून चालू लागलो. मामांच्या घरी कळलं की ते भाजीबाजारात गेले आहेत. बाजारात तिसऱ्या रांगेत ते सापडले. हातात दोन पिशव्या, मेथीच्या जुड्या निवडत होते. अर्चनाला त्यांनी लगेच ओळखलं. मग कक्ष उघडायची विनंती ऐकून घेतली आणि मेथीकडे वळले. कार्यक्रम अकराला आहे, मी साडेदहाला येतो, आत्ता काय घाई, असं त्यांचं म्हणणं पडलं.

“मामा, एक वस्तू हरवलीय,” अर्चना म्हणाली. “तुमच्या कॉम्प्युटरवर शोधायचीय.”

“कधी हरवली?”

“वर्ष होत आलं.”

“वर्षभर थांबलीस ना? मग मेथी घेईपर्यंत थांब.”

तिनं त्यांच्या हातातली एक पिशवी घेतली. दहा मिनिटांत मेथी, कोथिंबीर, गवार झाली आणि मामा आमच्याबरोबर रिक्षात बसले. वाटेत त्यांनी हरवलेली वस्तू काय, हे विचारलं. दीर्घिका, असं तिनं सांगितलं. पूल ओलांडून गेल्यावर मामा म्हणाले, “एवढी मोठी वस्तू हरवते कशी?”

“चुकीच्या जागी बघितलं म्हणून,” तिनं उत्तर दिलं.

संगणक कक्षाच्या दाराशी मामांनी आम्हाला थांबवलं. चपला बाहेर. त्या काळी सगळ्याच संगणक कक्षांचा तो नियम होता. आत प्रत्येक यंत्रावर शिवलेला कापडी अभ्रा होता. मामांनी आधी स्वतःच्या चपला काढल्या, पाय पायपुसण्यावर घासले आणि आम्हालाही घासायला लावले.

“धूळ आत जाता कामा नये,” ते म्हणाले. “धूळ गेली की काही दिसत नाही.”

अर्चनानं माझ्याकडे पाहिलं. शनिवार सकाळपासून ती पहिल्यांदाच मोकळी हसत होती.

सीडीतला प्रोग्रॅम त्या यंत्रावर बसायला वीस मिनिटं लागली. मध्ये एकदा पडदा निळा झाला आणि सगळं पुन्हा सुरू करावं लागलं. दहा वाजून दहा मिनिटांनी पूर्ण क्षेत्र पडद्यावर उघडलं. तव्यावरच्या भाकरीसारखं गोल, काळं आणि त्यावर शेकडो बारीक ठिपके. मधोमध ती रिकामी जागा, जिच्यावरून आम्ही दोन दिवस बोलत होतो. अर्चनानं मध्यापासून डावीकडे सरकायला सुरुवात केली. वर्तमानपत्राचा तो कागद तिनं पडद्याला टेकवून ठेवला होता. दहा कला. पंधरा. वीस. मामा तिच्या खांद्यामागं येऊन उभे राहिले. तिनं थोडं खाली आणलं आणि थांबली.

तिथं एक डाग होता. ताऱ्याच्या ठिपक्यासारखा टोकदार नाही. पुसट, लांबट, आणि त्यात दोन दाणे जरा ठळक. तिनं त्याचे आकडे काढले, कागदावरच्या आकड्यांशी ताडले. फरक एका कलेच्याही आत होता. मग पिशवीतून तिनं त्याच दीर्घिकेचं साध्या प्रकाशातलं चित्र काढलं. ती व्याख्यानासाठी आणलेली पारदर्शिका होती. पडद्यावरचा लांबटपणा आणि चित्रातला लांबटपणा एकाच दिशेला होता.

“आहे,” ती म्हणाली. खुर्चीत मागं टेकली आणि डोळ्यांवरून हात फिरवला.

मामा पुढं वाकले. “एवढीशी?”

“एवढीच, मामा.”

“हिच्यापायी माझी मेथी सुकली,” ते म्हणाले. पण ते पडद्यासमोरून हलले नाहीत. मग ते दोन ठळक दाणे काय, असं त्यांनी विचारलं. धूळ जिथं विरळ आहे तिथून नव्या ताऱ्यांचा प्रकाश बाहेर येतोय, असं तिनं सांगितलं. कौलातून येतं तसं ऊन? हो, अगदी तसं.

म्हणजे पाचवी दीर्घिका झाकलेली नव्हती. शुक्रवारी संस्थेत ज्याचं अभिनंदन झालं ते संपलं होतं. उरल्या होत्या त्या पाच मंद दीर्घिका, सगळ्या थोड्या थोड्या निसटणाऱ्या. तिनं तीन वर्षं धरलेला अंदाज असा परत आला होता. तिला वाईट वाटतंय का, हे विचारणं माझं काम होतं. मी विचारलं.

“सोमवारी सारांश गेला असता तर माझं नाव झालं असतं,” ती म्हणाली. “मग दोन वर्षांनी कोणीतरी नीट जागी बघितलं असतं. तेव्हाही माझंच नाव झालं असतं.”

मीही वही काढून बसमधल्या मथळ्यावर काट मारली. छपाईआधी सापडलेली चूक ही वर्तमानपत्राच्या धंद्यात चूक धरली जात नाही.

व्याख्यानाला सभागृह निम्मं भरलं होतं. ती आधी चार दीर्घिका दाखवेल असं मला वाटलं होतं. तिनं सुरुवात रिकाम्या चित्रानं केली आणि यात काय दिसतं असं विचारलं. मुलांनी सांगितलं, काही नाही. मग पूर्ण गोल दाखवला, बूथवरचा फोन सांगितला, जुनी आणि नवी जाळी सांगितली, अण्णांचा मोजणीदारही सांगितला. उसापाशी सभागृह हसलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं उठून विचारलं की उरलेल्या चारांचे नंबर नवेच आहेत हे तपासलं का. अर्चना म्हणाली, कार्यक्रमाच्या आधी पंधरा मिनिटं तेच करत होते. चारही बरोबर होते. मामा दारात उभे राहून ऐकत होते. भाजीच्या पिशव्या त्यांनी व्यासपीठाच्या पायरीवर ठेवल्या होत्या.

दुपारी तिनं मार्गदर्शकांना फोन केला. मी बूथच्या बाहेर होतो. संभाषण चार मिनिटांचं झालं. बाहेर आल्यावर तिनं सांगितलं की सरांनी आधी डाग किती ठळक आहे ते विचारलं, आणि शेवटी म्हणाले की सारांश बदलून पाठवू. रागावले नाहीत का? रागावले, पण थोडे. सोमवारनंतर कळलं असतं तर जास्त रागावले असते, असं त्यांनीच सांगितलं होतं.

परतीची गाडी तीनला सुटली. सिन्नरपर्यंत ती झोपली होती, मांडीवर द्राक्षाचं खोकं आणि त्यावर डोकं. चित्राची गुंडाळी फळीवर पिशवीत गेली होती. संगमनेरला गाडी पंधरा मिनिटं थांबली. अण्णा संध्याकाळी बागेतून घरी येतात म्हणून तिनं स्थानकावरच्या बूथमधून घरी फोन लावला. अण्णा फोनवर मोठ्यानं बोलतात. त्यांचा आवाज काचेच्या दाराबाहेर येत होता.

“घावली का?”

“घावली, अण्णा. तुमच्या जुन्या नंबरामुळे.”

“उसातच व्हती म्हन की.”

“उसाच्या पलीकडं.”

“मंग आता फेरफार करून टाक,” अण्णा म्हणाले. “नायतर पुढचा मोजणीदार पुन्हा तिथंच जाईल.”

फेरफार म्हणजे जमिनीच्या कागदपत्रात झालेल्या बदलाची रीतसर नोंद. अर्चना ‘करते’ म्हणाली आणि फोन ठेवला.

रात्री साडेनऊला आम्ही शिवाजीनगरला उतरलो. तिनं एक खोकं मला दिलं आणि दुसरं घेऊन ती रिक्षात बसली. जाताना जितकी सावध होती तितकी ती आता नव्हती. वाटेत खाल्लेल्या द्राक्षांच्या देठांचा कागद गाडीतल्या बाकावरच राहिला होता, तो मी उतरताना उचलून टाकला होता.

पुरवणीतला मजकूर पुढच्या रविवारी आतल्या पानावर आला, साध्या मथळ्यानं. छपाईआधी सापडलेल्या चुका आणि छापल्यावर सापडलेल्या चुका यांवर मी वीस वर्षं काम केलं आहे. दुरुस्ती बहुतेक वेळा कोणी वाचणार नाही अशा कोपऱ्यात जाते. म्हणून सारांशाची एक प्रत मी अर्चनाकडून मागून घेतली. तो सोमवारी दहाला ठरल्याप्रमाणे गेला होता. पाच दीर्घिकांची नावं, आकडे, निष्कर्ष. आणि पाचवीच्या आकड्यांवर एक फुली, तिची टीप खाली, बाकीच्या मजकुराएवढ्याच अक्षरात: या दीर्घिकेचे स्थान प्रथम जुन्या जाळीतून घेतले गेले होते, ते चुकीचे होते, येथे दिलेले स्थान नवे आहे.